बंदुकीच्या जुन्या पेटीच्या पितळेवर हिरवा थर परत परत येत असेल तर

पितळेचे कोपरे घासूनपुसून लखलखीत केले, पेटी कपाटावर ठेवली, आणि दोन-तीन महिन्यांनी खाली काढली तर बकलाखाली, खिळ्यांच्या डोक्यांभोवती, कुलपाच्या पट्टीच्या कडेनं परत तोच हिरवा, मेणासारखा चिकट थर. जुन्या बंदुकीच्या पेट्या दुरुस्त करण्याचा छंद असलेल्या बहुतेकांना हे कोडं कधी ना कधी पडतं. मग वेगळं पॉलिश आणलं जातं, जास्त जोर लावून घासलं जातं, लिंबू-चिंच करून पाहिलं जातं. मीही तीन वर्षं तेच करत होतो. दोष पितळेचा नसतो. तो शेजारच्या चामड्यात मुरलेला असतो, आणि पुष्कळदा आपणच तो तिथं मुरवलेला असतो.

कोणत्या पेटीबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या काळात इंग्लंडमध्ये चांगली दुनळी बंदूक घेतली की तिच्यासाठी पेटीही बनवून घेतली जायची. नळ्या एका बाजूला, दस्ता दुसऱ्या बाजूला, असे दोन भाग शेजारी शेजारी बसतील अशी आडवी, उथळ पेटी. उत्तम प्रतीची असेल तर आत ओक लाकडाची चौकट, तिच्यावर सरसानं चिकटवलेलं जाड चामडं, कोपऱ्यांना पितळ, मध्ये पितळी कुलूप, दोन पट्टे, आणि आत लाल किंवा हिरव्या बेझचं, म्हणजे दाट विणीच्या लोकरी कापडाचं अस्तर. हलक्या पेट्यांवर चामड्याऐवजी कॅनव्हास असतं, चामडं फक्त कडांना. तिसरा प्रकार नुसत्या जाड चामड्याचा, ‘लेग ऑफ मटण’ नावाचा, आणि आकार खरोखरच बकऱ्याच्या तंगडीसारखा. झाकणाच्या आतल्या बाजूला बंदूक बनवणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं लेबल. दुकानं जागा बदलत गेली, त्यामुळे लेबलावरच्या पत्त्यावरून पेटीचा काळ बऱ्यापैकी ठरवता येतो.

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. बंदुका इथल्या गन क्वार्टरमध्ये घडायच्या, आणि शेजारचं वॉल्सॉल हे खोगिरं नि लगाम करणाऱ्यांचं गाव. तिथल्या फुटबॉल संघाला आजही ‘सॅडलर्स’ म्हणतात. या भागातल्या लिलावांत रिकाम्या पेट्या बऱ्याच येतात, बंदूक कधीच वेगळी विकली गेलेली असते. हिंदुस्थानातही अशा पेट्या आल्या, संस्थानिकांकडे, लष्करी अधिकाऱ्यांकडे, शिकारीच्या नादी असलेल्या जहागीरदारांकडे. कलकत्त्याच्या मँटन किंवा रोडा या बंदुका विकणाऱ्या कंपनीचं लेबल असलेली पेटी मिळाली तर ते लेबल जिवापाड जपा. मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं दुकान होतं, काळ्या घोड्याजवळची ती इमारत अजून उभी आहे.

पेटी कुठलीही असो, पहिल्यांदा उघडताना झाकण असलेले छोटे कप्पे नीट बघा. जुनी काडतुसं किंवा टोप्या, म्हणजे बार उडवणाऱ्या स्फोटक भरलेल्या छोट्या धातूच्या वाट्या, सापडल्या तर हाताळू नका, पोलिसांना कळवा. भारतात विनापरवाना काडतूस बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते पणजोबांचं का असेना.

आता मुद्द्याकडे.

तेल कुठून आलं

मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे पावसाळ्याआधी चपला पुसून, एरंडेल चोळून माळ्यावर जायच्या. आजोबा म्हणायचे, कातड्याला तेल पाजलं की ते माणसाला दगा देत नाही. चपलेबाबत ते शंभर टक्के खरं होतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. इंग्लिश पेटीचं चामडंही झाडाच्या सालीतच कमावलेलं. तेव्हा पहिली पेटी हातात आली तशी मी तिला दर सहा महिन्यांनी नीट्सफूट तेल पाजत गेलो. ते गुरांच्या पायांपासून काढतात आणि इथं खोगिरांना पिढ्यान् पिढ्या लावतात. पहिल्या संध्याकाळी पेटी फार देखणी दिसली. काळपट तांबूस, मऊ, दिव्याखाली झळकणारी. पुढच्या सगळ्या तक्रारी त्या संध्याकाळपासून सुरू झाल्या हे मला खूप उशिरा कळलं.

चप्पल पावलागणिक वाकते. तिच्या तंतूंना एकमेकांवरून घसरायचं असतं, म्हणून मध्ये वंगण लागतं. खोगिराचंही तसंच. पेटीचं चामडं मात्र ओकच्या फळीला सरसानं पक्कं चिकटवलेलं असतं. शंभर वर्षांत ते एकदाही वाकलेलं नाही, यापुढेही वाकणार नाही. जे वाकत नाही त्याला वंगणाचा काय उपयोग? तेल तिथं नुसतं बसून राहतं, धूळ धरतं, हवा लागून खवटतं, आणि खवटताना त्यातून मोकळी आम्लं सुटतात.

यापुढचं कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात शिकायला मिळतं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली की कळकते. आंबटातलं आम्ल तांब्याला खातं आणि हिरवं काहीतरी तयार होतं. पेटीवर हेच होतं, फक्त आम्ल ताकातलं नसून तेलातलं असतं. तेलातली आम्लं आणि पितळेतलं तांबं मिळून एक प्रकारचा हिरवा साबण तयार होतो. म्हणून तो थर पावडरीसारखा कोरडा नसतो, मेणासारखा लिबलिबीत असतो. पितळ घासून तुम्ही फक्त तयार झालेला साबण काढता. चामड्यात तेल शिल्लक आहे तोवर नवा तयार होतच राहणार. उलट घासून पितळ उघडं केल्यावर आम्लाला ताजं तांबं मिळतं.

खुद्द ब्रिटिश म्युझियमच्या नावानं एक लेप अनेक वर्षं प्रसिद्ध होता, लॅनोलिन, मधमाशांचं मेण, सीडारचं तेल वगैरे घालून केलेला. ग्रंथालयांतल्या चामडी बांधणीच्या पुस्तकांना तो सर्रास लावला जाई. पुढे संवर्धन करणाऱ्यांनीच असे लेप सोडून दिले. त्यामुळे तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या मालकानं तेल लावलं असेल तर त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, सगळ्यांनीच लावलं.

आधी नीट ओळखा

हिरव्या थरासोबत बाकीची लक्षणंही असतात, आणि उपाय चुकतो तो बहुतेक तिथंच.

झाकणावर पांढुरकी साय दिसली तर ती बुरशीच असेल असं नाही. हेअर ड्रायर मंद ठेवून हातभर अंतरावरून थोडी ऊब द्या. साय विरघळून दिसेनाशी झाली तर ती तेला-मेणातली चरबी गोठून वर आलेली. विरघळली नाही आणि भिंगातून धागे दिसले तर बुरशी. ज्यांनी खोबरेल लावलंय त्यांना पहिला प्रकार हमखास दिसेल, कारण खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. इंग्लंडात तर ते वर्षाचे बहुतेक महिने गोठलेलंच.

खिळ्याभोवती काळे निळसर डाग असतील तर तो खिळा पितळेचा नसून लोखंडाचा आहे, बहुधा नंतरच्या कुणीतरी दुरुस्तीत मारलेला. हिरडा आणि हिराकस मिळून पोथ्यांची काळी शाई व्हायची ना, तीच शाई इथं चामड्यातल्या टॅनिन आणि लोखंडातून तयार झाली आहे. हा डाग जात नाही. खिळा बदला आणि डाग राहू द्या.

आणि तिसरं लक्षण, ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहितोय. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा पेटीच्या कडेवरून हलकेच फिरवा, विशेषतः पट्ट्याखाली आणि कोपऱ्यांपाशी. कापडावर विटकरी रंगाची भुकटी आली तर चामड्याला रेड रॉट लागलेला आहे. याला मराठीत लाल कूज म्हणू. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं हवेतला गंधकाचा धूर शोषतं, आत गंधकाम्ल तयार होतं, आणि तंतू आतून तुटत जातात. १८४३ मध्येच मायकेल फॅरडेनं लंडनच्या अथेनिअम क्लबातल्या चामड्याच्या नासाडीचा संबंध गॅसच्या दिव्यांशी जोडला होता. बर्मिंगहॅमशेजारचा ‘ब्लॅक कंट्री’ हा भाग तर कोळशाच्या धुरासाठीच ओळखला जाई. इथल्या पेट्यांनी तो धूर दोन-तीन पिढ्या प्यायला आहे. कमावायला वापरलेली सगळी झाडं सारखी नसतात. सुमाकमध्ये कमावलेलं चामडं जास्त टिकतं, मिमोसा किंवा केब्राचोमधलं लवकर पडतं, म्हणून एकाच वयाच्या दोन पेट्यांपैकी एक टणटणीत आणि दुसरी भुकटी झालेली दिसते.

लाल कूज लागलेलं चामडं कोरडं, तहानलेलं दिसतं. हात आपसूक तेलाच्या बाटलीकडे जातो. पण तुटलेला तंतू तेलानं जोडला जात नाही. भुकटी तेलात भिजून काळी पडते, दोन दिवस हाताला लागत नाही म्हणून बरं वाटतं, आणि ते सगळं तेल पितळेकडे सरकायला मोकळं. माझ्या पहिल्या पेटीचं अगदी हेच झालं होतं. कूज तशीच राहिली, हिरवा थर मात्र वाढला.

लाल कूज असताना पाणी हे तेलापेक्षाही वाईट. ओल्या फडक्यानं पुसलेला भाग काळा, कडक आणि चुरगळलेला होतो, आणि तो परत मूळपदावर येत नाही. म्हणून वरची कापडाची परीक्षा झाल्याशिवाय पेटीवर ओलं फडकं फिरवू नका. सॅडल सोप, म्हणजे खोगिरं धुवायचा साबण, तोही नको.

काय करायचं

पहिलं काम म्हणजे तेल लावणं आजपासून बंद.

मग आत असलेलं थोडंफार काढता येतं. मी मुलतानी माती वापरतो, कोरडी, वस्त्रगाळ. पितळेलगतच्या चामड्यावर आधी पातळ जपानी कागद किंवा टिश्यू अंथरायचा, त्यावर मातीचा बोटभर थर, वर हलकं वजन, आणि तीन-चार दिवस विसरून जायचं. कागद मध्ये हवाच, नाहीतर माती शिलाईच्या भोकांत जाऊन बसते आणि मग सुईनं कोरत बसावं लागतं. कागदाला तेलकट डाग येणं थांबेपर्यंत माती बदलत राहा. माझ्या पेटीला पाच फेऱ्या लागल्या. यानं खोलवरचं तेल निघत नाही, पण वरचं, म्हणजे पितळेला भिडणारं, बऱ्यापैकी कमी होतं.

नंतर हिरवा थर. बांबूची काडी किंवा टूथपिक तिरकी धरून तो खरवडून घ्या. लोखंडी टोक नको, पितळेवर ओरखडे उठतात आणि पुढच्या वेळी थर त्या ओरखड्यांतच आधी धरतो. उरलेला चिकटपणा कापसाच्या बोळ्यावर किंचित व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायचं खनिज टर्पेंटाइन) घेऊन पुसा. बोळा दमट असावा, ओला नको, आणि चामड्यावर न ओघळता फक्त धातूवर फिरावा. आधी पेटीच्या तळाला कुठेतरी करून बघा, कारण जुना रंग कशानं सुटेल ते सांगता येत नाही.

लिंबू आणि चिंच या कामात नकोत. त्यांनी पितळ गुलाबी पडतं, आणि आंबट रस शिलाईत शिरून आधीच आम्लानं खाल्लेल्या चामड्यात भर टाकतो. बाजारातल्या अमोनियाच्या पॉलिशपासूनही लांब राहा. त्याची पांढरी पूड कडेकडेनं अडकते ती वेगळीच, पण अमोनिया ताणाखालच्या पितळेला तडे पाडतो. हे कळलं तेही बंदुकीच्याच संदर्भात, आणि आपल्याच पावसाळ्यात. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात पागांमध्ये ठेवलेली असत आणि कुणी हात न लावता तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि थंडच ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण या तिन्हींचा तो परिणाम होता. त्याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. पेटीचे कोपरेही पातळ पत्रा ठोकून वाकवलेले असतात. एखाद्या कोपऱ्याला आधीच केसासारखी चीर असेल तर घासूसुद्धा नका.

पितळ आरशासारखं व्हायलाच हवं असा हट्ट सोडला तर निम्मं काम वाचतं. शंभर वर्षांची तपकिरी झाक ही त्याच्यावरची ढाल आहे. मी फक्त हिरवं काढतो. मग पितळेवर, विशेषतः चामड्याला टेकणाऱ्या कडेवर, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात देतो. ‘रेनेसाँ वॅक्स’ नावानं मिळतं ते हेच, आणि त्याचा जन्म ब्रिटिश म्युझियमच्याच प्रयोगशाळेतला. यात मोकळी आम्लं नसतात, त्यामुळे ते तांब्याशी भांडत नाही. एखादा कोपरा मुळातच निसटलेला असेल तर त्याच्या आतल्या बाजूला पॅरलॉइड बी-७२ या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा पातळ लेप देऊन मग बसवा. घट्ट बसलेले कोपरे यासाठी उखडू नका. जुने खिळे निघताना खालचं चामडं घेऊनच निघतात.

लाल कूज असेल तर तिला घट्ट करणारं औषध म्हणजे क्लुसेल जी, रासायनिक नाव हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज. हे अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणजे पाण्याचा प्रश्न येत नाही. एका पेटीला २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ३ ग्रॅम पावडर पुरते. अल्कोहोल शक्य तितकं पाणीविरहित घ्या, औषधांच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको. पावडर चिमटीचिमटीनं टाकत ढवळा आणि रात्रभर झाकून ठेवा, सकाळी पातळ पाकासारखं होतं. मऊ कुंचल्यानं एकाच दिशेनं, घासल्याशिवाय लावा. चामडं लगेच गडद होतं, घाबरू नका, वाळल्यावर बरंचसं मूळ रंगावर येतं. इथंही आधी लपलेल्या कोपऱ्यात करून बघणं आलंच, कारण लाखेचा जुना हात असेल तर अल्कोहोल तो विरघळवतं. खिडक्या उघड्या, घरात कुठे शेगडी किंवा निरांजन पेटलेलं नाही, एवढं बघून घ्या. एक दिवस वाळू द्या, परत कापड फिरवा, भुकटी येत असेल तर दुसरा हात. यानं चामडं नवं होत नाही, फक्त आहे तिथं थांबतं. तेलानं आधीच तट्ट भिजलेल्या भागात हे नीट मुरत नाही, म्हणून मातीचं काम आधी.

तेलाला अपवाद एकच, जे वाकतं ते, म्हणजे मूठ आणि पट्टे. कूज नसेल तर वर्षाकाठी दोन-चार थेंब, मागच्या खरबरीत बाजूनं, बकलापासून दूर. कूज असेल तर त्या मुठीवर पेटी उचलूच नका. दोन्ही हात खाली घालून उचला आणि नवी मूठ करून घ्या. शिवताना मेण लावलेला लिननचा दोरा, दोन सुया, आणि जुनीच भोकं. नवी भोकं पाडली की ती रेघ पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. जुनी मूठ पाकिटात घालून पेटीतच ठेवा.

पावसाळ्यात सगळं परत आलं तर

मी दुरुस्त केलेली एक कॅनव्हासची पेटी पुण्यात मामेभावाकडे आहे. इथं ती दोन वर्षं स्वच्छ होती. तिथल्या पहिल्याच ऑगस्टमध्ये त्यानं फोटो पाठवला, कडांच्या चामड्यावर बुरशी, अस्तराला कुबट वास, बकलाखाली हिरवं. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून लोखंडी कपाटात ठेवली होती. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशीला चामडं, सरस आणि लोकर तिन्ही खाद्यच, आणि पितळेवरचं कामही दमट हवेत भराभर चालतं.

त्याला सांगितलं ते असं. पेटी बाहेर गॅलरीत आण, पण उन्हात नको, चामडं आक्रसतं. नाकाला एन-९५ मास्क. बुरशी आधी कोरड्या हवेत सुकू दे, मग मऊ ब्रशनं आपल्यापासून दूर झटक, ओल्या फडक्यानं पुसशील तर ती आत चोळली जाईल. झाकण दोन दिवस उघडं ठेव. मग पेटी आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर वर, सुती चादरीत गुंडाळून ठेव. प्लॅस्टिकची पिशवी नको. आत सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक. काटा ६० च्या वर गेला की जेल बदल. जुलै ते सप्टेंबर दर रविवारी झाकण तासभर उघडायचं, पण पाऊस पडत असताना नाही. गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडून फोटो आला नाही. मी विचारल्यावर म्हणाला, “दादा, दाखवायला काही नाही.”

आणखी एक गोष्ट बंदूक असणाऱ्यांसाठी. परवान्याची बंदूक कायमची या पेटीत ठेवू नका. आम्लट चामडं आणि दमट लोकर यांच्या मधोमध नळ्यांना गंज धरतोच. पेटी प्रवासासाठी होती, मुक्कामासाठी नव्हती.

हे सगळं केल्यावरही पहिल्या वर्षी हिरवं थोडं परत येईल, कारण खोलवरचं तेल हळूहळू वर सरकत असतं. दर तीन महिन्यांनी बघा, काडीनं काढा, मेणाचा हात द्या. प्रत्येक फेरीला थर पातळ होत गेला पाहिजे. तसा होत नसेल तर पट्ट्याची मागची बाजू तपासा. बऱ्याचदा बाहेरून तेल थांबवलेलं असतं आणि पट्टाच आतून तेलानं गच्च असतो. अशा वेळी पेटी ठेवताना पट्टा बकलातून काढूनच ठेवा.

माझी ती पहिली पेटी आता सहा वर्षं बिनतेलाची आहे. कोपरे स्वच्छ राहतात. कुलपाच्या पट्टीखाली मात्र अजून वर्षातून एकदा केसाएवढी हिरवी रेघ उमटते. तिथलं तेल पट्टी काढल्याशिवाय निघणार नाही, आणि पट्टीचे सहाही खिळे मूळचे आहेत, म्हणून ती काढत नाही. टूथपिक घेतो, रेघ पुसतो आणि झाकण लावतो.